लवचीक कॉइल-पट्टीने पाइपवरच्या भेगांचं चित्र : प्रकल्प नोंदी

काम : ६०६१-टी६ अॅल्युमिनियमचा पाइप, बाहेरचा व्यास ५० मिमी, भिंत ५ मिमी. त्याच्या बाहेरच्या अंगावरच्या बारीक भेगा पाइपला धक्का न लावता शोधायच्या आणि त्यांचं चित्र काढायचं. पद्धत एडी करंटची : कॉइलमधल्या बदलत्या प्रवाहाने धातूत भोवऱ्यांसारखे प्रवाह उठतात, भेगेपाशी ते अडतात आणि तो फरक मोजता येतो. पेन्सिलीसारख्या हातात धरायच्या पेन्सिल प्रोबने हे काम होतं, पण वेळखाऊ आहे, आणि गोल अंगावर प्रोब जरा कलला की सुई हलते. म्हणून पातळ पॉलिइमाइड प्लास्टिकवर छापलेल्या कॉइलची पट्टी पाइपला लपेटून सरकवायची. उद्दिष्ट : ३ मिमी लांब, ०.५ मिमी खोल भेग चित्रात स्पष्ट दिसली पाहिजे.

खर्चात रेड पिटाया स्टेमलॅब १२५-१४ (सिग्नल सोडणारं आणि मोजणारं छोटं बोर्ड) धरलेलं नाही, ते आधीपासून हाताशी होतं.

८ जानेवारी २०२५

पहिली रचना. पट्टीवर ८ गोल सर्पिल कॉइल, प्रत्येकीचा बाहेरचा व्यास ८ मिमी. ट्रॅक ०.१ मिमी, फट ०.१ मिमी, दोन थर, प्रत्येक थरात १५ वेढे, मध्ये २ मिमी जागा मोकळी. तांबं १८ मायक्रॉन. हिशेबाने एका थराचं इंडक्टन्स सुमारे १ मायक्रोहेन्री. दोन थर एकमेकांना अगदी चिकटून असल्याने मालिकेत जोडल्यावर ते दुप्पट नव्हे, जवळजवळ चौपट होतं, म्हणजे ४ मायक्रोहेन्री. ट्रॅकची लांबी ४७० मिमी, रोध ४.५ ओहमच्या आसपास.

वाचनासाठी एलडीसी१६१४ घेतलं, कॉइल-कपॅसिटरच्या आंदोलनाची वारंवारता मोजणारी चिप. एका चिपवर ४ कॉइल, आयटूसीवर (चिपशी बोलायची दोन तारांची पद्धत) थेट आकडा मिळतो, पत्ता ०x२ए किंवा ०x२बी, म्हणजे दोन चिपमध्ये आठही कॉइल बसतात. कागदावर अगदी सोपं.

ही छापील पट्टी, म्हणजे फिल्म, मागवताना दोन गोष्टी नीट लिहून द्याव्या लागतात. तांबं 'रोल्ड अॅनील्ड' (लाटून, तापवून मऊ केलेलं) हवं, आणि त्याच्या कणांची दिशा पट्टी वाकणार त्या दिशेला हवी. हे लिहिलं नाही तर उत्पादक पॅनलवर जसं मावेल तसं फिरवून बसवतो. कनेक्टरच्या टोकाला मागून पॉलिइमाइड स्टिफनर लावून जाडी ०.३ मिमी करून घ्यायची, नाहीतर ०.५ मिमी अंतराच्या झिफ (चपटी पट्टी सरकवून दाबायच्या) कनेक्टरमध्ये पट्टी पकडच घेत नाही.

२७ जानेवारी

फिल्म आली. ५ नग, वाहतूक आणि सीमाशुल्क धरून ६,८०० रुपये. मल्टीमीटरवर कॉइलचा रोध ४.४ ते ४.८ ओहम, हिशेबाशी जुळतो. एलसीआर मीटरवर ३.९ मायक्रोहेन्री.

२८ जानेवारी

कॉइलला समांतर १ नॅनोफॅरडचा सीओजी कपॅसिटर. हवेत २.५ मेगाहर्ट्झवर आंदोलन स्थिर. पट्टी अॅल्युमिनियमवर ठेवली की लगेच 'अॅम्प्लिट्यूड कमी' असा झेंडा वर येतो आणि आकडे भरकटतात.

कारण शोधायला वेळ गेला, कारण संशय सोल्डरवर होता. खरं कारण कॉइलमध्येच आहे. या चिपला कॉइल आणि कपॅसिटर मिळून जो समांतर रोध दिसतो, तो किमान १ किलोओहम हवा असतो. हा रोध म्हणजे इंडक्टन्स भागिले (कपॅसिटन्स गुणिले मालिका-रोध). छापलेली बारीक कॉइल मुळातच रोधाने जड. हवेत हा आकडा ९०० ओहमच्या आसपास, म्हणजे कसाबसा चालणारा. धातूवर ठेवल्यावर इंडक्टन्स १.१ मायक्रोहेन्रीपर्यंत घसरतं, वर धातूतल्या भोवऱ्यांचे तोटे कॉइलच्या रोधात भर घालतात. आकडा थेट १२०-१३० ओहमवर येतो. सगळा १.५ मिलिअँपिअर प्रवाह सोडला तरी पाव व्होल्टही मिळत नाही.

जवळ येणारा धातू ओळखायला ही चिप उत्तम आहे, पण धातूला चिकटून बसणाऱ्या छापील कॉइलला ती पेलत नाही.

१ फेब्रुवारी

कपॅसिटर बदलून पाहिले. २२० पिकोफॅरडला धातूवरची वारंवारता १० मेगाहर्ट्झच्या वर जाते, चिपची मर्यादाच तेवढी. ३३० पिकोफॅरडला ८.३ मेगाहर्ट्झवर कसंबसं चालतं. त्यावर चाचणी घेतली : पट्टीखाली ओएचपीची एक पारदर्शक शीट, जाडी ०.१ मिमी. वारंवारता १४ टक्के बदलली. मग शीट काढून १ मिमी खोल काप कॉइलखालून नेला. बदल अर्ध्या टक्क्याहून कमी.

म्हणजे पट्टी केसभर उचलली गेली तरी भेगेच्या तिसपट मोठा बदल, आणि दोन्ही बदल एकाच आकड्यात मिसळलेले. एकच आकडा देणारं कुठलंही उपकरण इथे उपयोगाचं नाही. ज्यांना ही वाट धरायची आहे त्यांनी ही एक चाचणी सगळ्यात आधी करावी, खर्च एका शीटचा.

५ फेब्रुवारी

रचना मुळापासून बदलली. प्रवाह सोडणारा वाहक वेगळा, ऐकणाऱ्या कॉइल वेगळ्या. मधून एक सरळ ड्राइव्ह ट्रॅक, ०.३ मिमी रुंद. त्याच्या दोन्ही बाजूंना ३ मिमी व्यासाची एकेक छोटी कॉइल, केंद्र ट्रॅकपासून २ मिमीवर. प्रत्येक कॉइल दोन थरांत मिळून १० वेढ्यांची. जेंटेकच्या एमडब्ल्यूएम-अॅरेतही ड्राइव्ह वाहक आणि शेजारी छोट्या संवेदी कॉइल असाच बेत आहे, त्यामुळे तत्त्व नवं नाही.

इथे एक फसवी जागा आहे. सरळ वाहकाचं क्षेत्र एका बाजूला पृष्ठभागातून वर येतं, दुसऱ्या बाजूला खाली जातं. म्हणून जोडीतल्या दोन्ही कॉइल एकाच दिशेने गुंडाळून मालिकेत जोडल्या की थेट क्षेत्र कटतं. 'डिफरन्शियल' (दोन कॉइलमधला फरक मोजणारी जोडी) म्हटलं की हात आपोआप एक कॉइल उलटी गुंडाळायला जातो. तसं केलं तर दोन्हींचं थेट क्षेत्र बेरजेत येतं आणि प्रवर्धक तुंबतो.

ड्राइव्हचा परतीचा मार्ग वाया घालवला नाही. १२ मिमी अंतरावर तोच दुसरी ड्राइव्ह ओळ झाला. प्रत्येक ओळीवर ८ जोड्या, जोड्यांमध्ये ३.२ मिमी अंतर, आणि दुसरी ओळ अर्ध्या अंतराने सरकवलेली. प्रत्येक जोडी म्हणजे एक वाहिनी, मिळून १६ वाहिन्या, १.६ मिमीवर एक, २५.६ मिमी रुंदी. पाइपचा घेर १५७ मिमी, म्हणजे थोडं एकमेकांवर चढवून ७ फेऱ्यांत पूर्ण पाइप. दुसऱ्या ओळीतला प्रवाह उलटा वाहत असल्याने तिचे आकडे सॉफ्टवेअरमध्ये उणे एकने गुणायचे.

वारंवारता १ मेगाहर्ट्झ. ६०६१ मध्ये त्या वारंवारतेला प्रवाह पृष्ठभागापासून सुमारे ०.१ मिमीच्या थरातच वाहतो. वरून उघडलेल्या भेगेसाठी हे बरं. पाइपच्या आतल्या बाजूने आलेली भेग शोधायची तर ४०० हर्ट्झपर्यंत खाली यावं लागेल, आणि तिथे या इवल्या कॉइलमध्ये व्होल्टेज अडीच हजार पटीने कमी येईल. त्या कामाला ही पट्टी घेऊ नका.

११ फेब्रुवारी

नमुने भोसरीत करून घेतले. सपाट पट्टीवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ४५ अंशांत तिरपा काप वायरकटने (तारेतून ठिणग्या सोडून धातू कापणारं यंत्र). वायर ०.२५ मिमीची, काप ०.३ मिमीचा येतो. खऱ्या भेगेपेक्षा तो बराच रुंद आहे, पण तो फक्त सगळ्या वाहिन्या एकसारख्या करून घेण्यासाठी हवा होता. तिरपा असल्याने प्रत्येक वाहिनीखालून तो एकदा जातोच.

पाइपवर वायरकट चालत नाही, कारण वायर आरपार लागते. तिथे स्पार्क ईडीएम, म्हणजे तारेऐवजी इलेक्ट्रोडच्या ठिणग्यांनी काप, ०.१ मिमी तांब्याच्या पत्र्याचा इलेक्ट्रोड. पाइपच्या लांबीच्या दिशेने चार काप : १० मिमी लांब आणि १ मिमी खोल, ५ मिमी आणि ०.५, ३ मिमी आणि ०.५, ३ मिमी आणि ०.३. शिवाय घेराच्या दिशेने एक, ५ मिमी आणि ०.५. सगळे मिळून २,६०० रुपये.

खोली सांगितल्याप्रमाणे येते यावर विसंबू नका. पातळ इलेक्ट्रोड टोकाला झिजतो. दाताच्या डॉक्टरांकडचं छाप घ्यायचं सिलिकोन कापात भरून, सुकल्यावर काढून सूक्ष्मदर्शकाखाली मोजलं. लांबीच्या दिशेचे '०.५' चे दोन्ही काप ०.४२ आणि ०.४४ निघाले. पुढे सगळीकडे मोजलेले आकडेच वापरले.

१८ फेब्रुवारी

इलेक्ट्रॉनिक्स. रेड पिटायाचा १ व्होल्ट आउटपुट बीयूएफ६३४ या बफर चिपमधून (जास्त प्रवाह देणारी) १० ओहमवर, म्हणजे ड्राइव्हमध्ये १०० मिलिअँपिअर शिखर प्रवाह. एसओ-८ पॅकेज बोट टेकवणार नाही इतकं तापलं. मोठं टीओ-२२० पॅकेज घेऊन छोटा हीटसिंक लावला. १० ओहमचा रोधक जमिनीच्या बाजूला ठेवला आणि त्यावरचं व्होल्टेज दुसऱ्या इनपुटला दिलं. प्रत्येक वाचनाला या संदर्भाने भागलं की बफर तापल्याने होणारा घसरा आपोआप निघून जातो. हा एक रोधक इकडचा तिकडे करण्याने जितका फायदा झाला, तितका महागड्या सुट्या भागांनी झाला नाही.

वाहिन्या निवडायला एडीजी७०७ या दोन स्विच चिप, ±२.५ व्होल्टवर. त्यांचा चालू रोध २.५ ओहम. दुकानात सहज मिळणारा ४०६७ इथे नको, त्याचा रोध काही दशक ओहम असतो आणि वाहिनीगणिक बदलतो. पुढे एडी८४२१ प्रवर्धक, १०० ओहमचा रोधक लावून १०० पट.

वाचन : १६,३८४ नमुने, ८ ने विरळ करून, म्हणजे साधारण १.०५ मिलिसेकंद. बरोबर १ मेगाहर्ट्झ घेतलं तर या खिडकीत आवर्तनं पूर्ण बसत नाहीत आणि फेज प्रत्येक वाचनाला थोडी डुलते. १,०००,४०४ हर्ट्झ घेतलं की नेमकी १,०४९ आवर्तनं बसतात. फरक ०.०४ टक्क्यांचा, पण आकडे तिथल्या तिथे शांत झाले. वाहिनी बदलल्यावर पहिले ५० मायक्रोसेकंद टाकून द्यायचे.

सगळे नमुने नेटवर्कवरून संगणकावर आणून तिथे हिशेब करायचा बेत सोडावा लागला. एससीपीआय (मोजणी उपकरणांना द्यायच्या लेखी आज्ञा) वापरून नमुने लेखी अंकांच्या रूपात येतात आणि एकेका वाचनाला सेकंदाचा मोठा भाग खातात. गुणाकार-बेरीज बोर्डावरच सी भाषेत केली आणि बाहेर फक्त दोन आकडे पाठवले : संदर्भाच्या फेजमधला भाग आणि ९० अंशांनी सरकलेला भाग. १६ वाहिन्यांची, म्हणजे चित्राची, एक ओळ आता २० मिलिसेकंदांत होते. दर ०.५ मिमीला एक ओळ हवी असल्याने सरकवण्याचा वेग २५ मिमी प्रति सेकंद, त्याहून जास्त नाही.

८ मार्च

दुसरी फिल्म, ५ नग, ९,२०० रुपये. बाह्य आकार गुंतागुंतीचा झाल्याने महागली.

टेबलावर पट्टी धातूवर वजनाने दाबून ठेवलेली, हात लावलेला नाही, तरी तिची १५० मिमी लांब शेपटी हलवली की सगळे आकडे हलतात. भेगेपेक्षा मोठे.

शेपटीत प्रत्येक जोडीची जाणारी-येणारी तार शेजारी-शेजारी टाकली होती, ०.१ मिमी ट्रॅक, ०.१ मिमी फट. मध्यापासून मध्यापर्यंत ०.२ मिमी, गुणिले १५० मिमी : ३० चौरस मिमीचा लांबट वेढा. कॉइलच्या दहाही वेढ्यांचं मिळून क्षेत्रफळ ३४ चौरस मिमी. म्हणजे शेपटीच दुसरी कॉइल झाली होती, आणि तिच्या शेजारूनच ड्राइव्हची तार जात होती.

तात्पुरता उपाय : ड्राइव्हची शेपटीतली जोडी ब्लेडने तोडली, पॅडवर ०.२ मिमी इनॅमल तारेची पिळलेली जोडी सोल्डर करून ती दुसऱ्या बाजूने बाहेर काढली. हलण्याचा परिणाम खूप कमी झाला, पूर्ण गेला नाही. कायमचा उपाय पुढच्या फिल्मसाठी : जाणारी तार वरच्या थरात, येणारी बरोबर तिच्याखाली. मधलं पॉलिइमाइड २५ मायक्रॉनचं, त्यामुळे वेढा ६-७ चौरस मिमीवर येतो. ड्राइव्हसाठी स्वतंत्र शेपटी.

१२ मार्च

शून्य करणं. दोन थर छापताना एकमेकांवर काही दशक मायक्रॉन सरकलेले असतातच, त्यामुळे जोडी पूर्ण कटत नाही. प्रत्येक वाहिनीचा उरलेला आकडा स्वच्छ धातूवर घेऊन वजा करायचा.

हे हवेत करायचं नाही. हवेत शेजारच्या ड्राइव्ह ओळीचं क्षेत्र १२ मिमीवरूनही चांगलंच पोचतं. धातूवर ठेवल्यावर धातूतला उलटा प्रवाह ते दाबतो, आणि ओळीच्या स्वतःच्या कॉइलमध्येही थेट क्षेत्र हवेतल्याच्या ४-५ टक्क्यांवर येतं. हवेतलं शून्य धातूवर निरुपयोगी ठरतं, इतकंच नाही, ते वजा केल्याने आकडे जास्तच बिघडतात.

त्यानंतर फेज फिरवली. प्रत्येक वाचनाचे दोन आकडे म्हणजे आलेखावरचा एक बिंदू. पट्टीखाली ओएचपी शीट एका कडेने सरकवून मुद्दाम तिरपेपणा आणला, त्याने जो बिंदू सरकला ती दिशा आडवी धरली. चित्र फक्त उभ्या घटकाचं काढायचं. संपूर्ण उचलणं दोन कॉइलच्या बेरजेत बऱ्यापैकी कटतं, तिरपेपणा कटत नाही, म्हणून आडवा अक्ष तिरपेपणावर लावला.

१५ मार्च ते २ एप्रिल : पाठीमागचा आधार

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. फिल्म मऊ आहे म्हणून ती पाइपला आपोआप चिकटून बसेल असं वाटतं. तसं होत नाही. ती चिकटते तिथेच जिथे मागून कोणीतरी सारखं दाबतं.

पहिला आधार : त्रिमितीय छपाईचा बूट (पट्टी धरून पाइपवर दाबणारा ठोकळा), आतली वक्रता २५.२ मिमी त्रिज्येची, फिल्म थेट त्यावर चिकटवलेली. पाइप नावापुरताच गोल असतो. व्यासात ०.१५ मिमीचा फरक पुरे, बूट मधोमध टेकतो आणि दोन्ही कडा अधांतरी, किंवा उलट. चित्रात कडेच्या वाहिन्या कायम फिकट.

दुसरा : ईव्हीए फोम, ५ मिमी. फार ताठ. मधल्या वाहिन्यांवर दाब जास्त, आणि सरकवताना फोम थोडा पुढे ओढला जाऊन फिल्मला सुरकुती पडते. सुरकुती चित्रात भेगेसारखीच दिसते, फक्त प्रत्येक फेरीत ती पट्टीबरोबर पुढे सरकते. त्यावरूनच ओळखायची.

तिसरा : गादीचा पीयू स्पंज, १० मिमी. पहिल्या दिवशी सुरेख. रात्रभर जॉबवर दाबून ठेवलेला राहिला आणि सकाळी तो तितकाच दबलेला, परत फुगलाच नाही. त्या जागी उचल (फिल्म आणि पाइप यांतली फट) ०.१ मिमीच्या वर.

चौथा, जो ठेवला : बंद छिद्रांचा सिलिकोन स्पंज, ६ मिमी जाड, शोर-ए (रबराचा टणकपणा मोजायचं माप) मापात न मावणारा मऊ प्रकार. त्याला पाठीमागून पाइपच्या लांबीच्या दिशेने ४ मिमी खोल चिरा, ५ मिमीच्या अंतराने. चिरांमुळे प्रत्येक तुकडा स्वतंत्र दबतो. बूट दाबताना स्पंज ६ चा ४ मिमी होईल इतकाच दाब, बुटाला खिळ घालून तो ठरवून टाकला. फिल्म स्पंजला पूर्ण चिकटवायची नाही. फक्त पुढच्या कडेला दुहेरी टेप, मागची कड मोकळी. मागूनही चिकटवली की वाकताना बाहेरच्या-आतल्या लांबीचा फरक कुठेतरी सुरकुती होऊन बाहेर पडतो.

याने १६ वाहिन्यांमधला तिरपेपणाचा गोंधळ एका ओएचपी शीटच्या परिणामाच्या दहाव्या भागापेक्षाही खाली आला. त्याआधी सॉफ्टवेअरमध्ये जे काही गाळणं-पुसणं चाललं होतं, त्यातलं निम्मं काढून टाकता आलं.

५ एप्रिल

वाहिनी ६ आणि ११ मधून मधून मेलेल्या. सपाट ठेवल्यावर जिवंत, पाइपला लपेटल्यावर बंद. मल्टीमीटरवर सपाट ४.१ ओहम, वाकवल्यावर उघडी.

कॉइलच्या मध्यभागी, १ मिमी मोकळ्या जागेत, दोन थर जोडणारा ०.२ मिमीचा व्हाया आहे. नेहमीचा नियम 'वाकणाऱ्या भागात व्हाया नको', पण सर्पिल कॉइलचं आतलं टोक बाहेर काढायला दुसरी वाट नाही. व्हायाच्या भिंतीचं मुलामा दिलेलं तांबं रोल्ड नसतं, ते ठिसूळ असतं आणि पॅडच्या कडेला तडकतं.

तीन बदल, तिसऱ्या फिल्मसाठी : पॅडला टीअरड्रॉप (थेंबासारखा निमुळता जोड), एकाऐवजी दोन व्हाया समांतर, आणि ते दोन्ही वाकण्याच्या अक्षावर एका रेषेत, म्हणजे दोघांनाही सारखाच आणि कमी ताण. आत्ताच्या फिल्मवर मेलेल्या जागी पाठीमागून यूव्ही गोंदाचा १.५ मिमीचा ठिपका. वाहिनी ६ परत आली, ११ नाही. गोंद नेहमी पाठीमागूनच. पुढून लावला तर त्या कॉइलची उचल कायमची वाढते.

१२ एप्रिल

पहिलं पूर्ण चित्र, पाइप, लांबीच्या दिशेने सरकवून.

दोन्ही ओळींची चित्रं दातेरी जुळली. १२ मिमीचं अंतर भरून काढायला दुसरी ड्राइव्ह ओळ चित्रातल्या २४ ओळींनी सरकवायची असते, पण सरकलेलं अंतर मोजणाऱ्या एन्कोडरचं चाक व्यासाने २५ मिमी समजून हिशेब केला होता, रबरी रिंग चढवल्यावर ते २५.८ झालं होतं. चाक पाइपवर २०० मिमी चालवून मोजून खरा आकडा घातला. ६०० पल्सचा एन्कोडर चारपट मोजणीने सुमारे ०.०३ मिमी दाखवतो, अचूकता जाते ती चाकाच्या मापात आणि तेलकट पाइपवर घसरण्यात.

१० मिमी आणि ५ मिमीचे काप स्वच्छ. प्रत्येकाच्या दोन टोकांना उलट चिन्हाचे दोन डाग, मध्ये जवळजवळ काही नाही. हे असंच अपेक्षित आहे : प्रवाह घेराच्या दिशेने वाहतो, भेग त्याला आडवी, तो टोकांना वळसा घालतो, एका टोकाला उजवा आणि दुसऱ्याला डावा. ३ मिमी आणि ०.४ चाही दिसला, पण त्याच्या दोन डागांतलं अंतर ४ मिमी येतं. भेग कॉइलइतकीच लहान झाली की चित्रात तिची लांबी वाढलेलीच दिसणार. ३ मिमी आणि ०.३ चा काप आधी ठाऊक असेल तरच सापडतो, त्याला सापडला म्हणत नाही.

घेराच्या दिशेचा काप दिसलाच नाही. प्रवाहाला समांतर भेग प्रवाहाला अडवत नाही, त्यात पट्टीचा दोष नाही.

१९ एप्रिल

घेराच्या भेगांसाठी वेगळी फिल्म लागत नाही. तीच पट्टी ९० अंशांत फिरवून, ड्राइव्ह ओळ पाइपच्या लांबीत ठेवून, पाइप दोन रोलरवर फिरवायचा. स्पंजाच्या चिरांची दिशा मात्र बदलते, म्हणून दुसरा बूट. या बाजूने घेराचा काप पहिल्याच फेरीत दिसला. आता प्रत्येक पाइपला दोन्ही दिशांनी तपासणं ठरवून टाकलं आहे, वेळ दुप्पट लागतो.

६ मे

तिसरी फिल्म, ८,६०० रुपये. शेपटी हलवून पाहिली : आकडे जागचे हलत नाहीत. पाइपवर लपेटून-सोडून १६ ही वाहिन्या जिवंत.

नवी अडचण झिजेची. कव्हरले (फिल्मचा वरचा संरक्षक थर) थेट पाइपवर घासत होता. पुढून ०.१ मिमीचा यूएचएमडब्ल्यू (न झिजणाऱ्या गुळगुळीत प्रकारच्या) पॉलिथीनचा टेप लावला. याची किंमत आहे, उचल तेवढी वाढते आणि डागांची तीव्रता घटते, ३ मिमीचा काप तरीही वर राहतो. कॅप्टॉन (पॉलिइमाइडचा) टेप नको. त्याचा सिलिकोन गोंद सरकताना कडेने बाहेर येतो आणि त्याला धूळ चिकटते.

टेपमध्ये अॅल्युमिनियमचे कण रुततात. अशा कणाखालच्या वाहिनीची चित्रभर एक सरळ रेघ उमटते, सरकवण्याच्या दिशेने, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. खरी भेग अशी दिसत नाही. रेघ आली की आधी टेप बदलायचा, मग पुन्हा शून्य, मग पुन्हा तीच फेरी.

१४ मे

कामाच्या ठिकाणी वापरण्यासाठी ठरवलेला क्रम : बफर १० मिनिटं तापू द्यायचा. पाइप आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसायचा, तेल राहिलं तर चाक घसरतं. पाइपच्या भेग नसलेल्या भागावर शून्य. तिरप्या कापाच्या पट्टीवरून एक फेरी, १६ वाहिन्यांची तीव्रता एकमेकांशी १० टक्क्यांत नसेल तर स्पंज आणि टेप पाहायचा, तोवर पाइपला हात लावायचा नाही. मग लांबीच्या ७ फेऱ्या, बूट बदलून, पुन्हा शून्य करून घेराच्या फेऱ्या, शेवटी पुन्हा तिरप्या कापावरून एक फेरी. सुरुवातीची आणि शेवटची फेरी जुळली नाही तर मधली सगळी मोजणी बाद.

पाइपच्या टोकापासून १० मिमीच्या आतलं चित्र वाचायचं नाही. कडेचा स्वतःचा डाग तिथे सगळं झाकून टाकतो, आणि तो वजा करायचे प्रयोग अजून भरवशाचे नाहीत. तेवढ्या पट्ट्यासाठी पेन्सिल प्रोब किंवा डाय पेनिट्रंट (भेगेत शिरून ती दाखवणारा रंग).